विश्लेषण : अ‍ॅम्प्लिफायरचं डिझाइन सॉफ्टवेअर करू लागलं, पण त्या सॉफ्टवेअरची चावी कोणाकडे?

मे २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या वाणिज्य विभागाने सिनॉप्सिस, कॅडेन्स आणि सीमेन्स ईडीए या तीन कंपन्यांना पत्रं पाठवली. मजकूर थोडक्यात असा होता, की चीनमधल्या ग्राहकांना तुमचं सॉफ्टवेअर द्यायचं असेल, तर आधी सरकारचा परवाना घ्या. साधारण पाच आठवड्यांनी, जुलैच्या सुरुवातीला ही अट मागे घेण्यात आली.

अमेरिका आणि चीनमधल्या व्यापारयुद्धाच्या बातम्यांच्या गर्दीत ही बातमी आपल्याकडे फारशी कुणी वाचली नाही. पण त्या पाच आठवड्यांत एक गोष्ट उघड झाली. चिप बनवणारा कारखाना आणि त्यातली अब्जावधींची यंत्रं जितकी महत्त्वाची, तितकंच महत्त्वाचं आहे चिपचं डिझाइन करणारं सॉफ्टवेअर. ते थांबलं, तर इंजिनिअर हात बांधून बसतात.

या सॉफ्टवेअरला 'इलेक्ट्रॉनिक डिझाइन ऑटोमेशन' म्हणजे ईडीए म्हणतात. त्यातला एक कोपरा गेली अनेक दशकं सॉफ्टवेअरला दाद देत नव्हता, तो म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचं डिझाइन. आता तिथेही एआय पोहोचलं आहे. ते नेमकं काय करतं, कुठे अडतं आणि भारतातल्या इंजिनिअरसाठी याचा अर्थ काय, ते सोप्या शब्दांत समजून घेऊ.

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे फक्त डीजेचा डबा नाही

अ‍ॅम्प्लिफायर म्हटलं की गणपतीच्या मंडपातली स्पीकरची भिंत आठवते. पण तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येच अनेक अ‍ॅम्प्लिफायर आहेत. टॉवरकडून आलेला संकेत फोनच्या अँटेनापर्यंत पोहोचतो, तेव्हा तो व्होल्टच्या लाखाव्या भागाइतका किंवा त्याहूनही क्षीण असू शकतो. तो मोठा केल्याशिवाय फोनच्या प्रोसेसरला त्यातलं काहीही कळत नाही. फोनकडून टॉवरकडे संकेत पाठवायलाही अ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि फोन कॉलवर बोलताना बॅटरी उतरते त्याला हाही एक कारणीभूत असतो.

दुसरं उदाहरण ईसीजीचं. हृदयाच्या ठोक्याचा छातीवर मिळणारा विद्युत संकेत साधारण १ मिलिव्होल्ट असतो. टॉर्चच्या साध्या सेलच्या १.५ व्होल्टशी तुलना केली, तर तो दीड हजार पटींनी लहान आहे. त्यात खोलीतल्या वायरिंगमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण शरीरावर आधीच बसलेली असते. अ‍ॅम्प्लिफायरला ठोका मोठा करायचा आहे आणि गुणगुण दाबायची आहे. दोन्ही एकदम मोठं झालं, तर डॉक्टरांना कागदावर फक्त नागमोडी रेघ दिसेल.

थोडक्यात, बाहेरचं जग आणि डिजिटल चिप यांच्या मधल्या उंबरठ्यावर अ‍ॅम्प्लिफायर उभा असतो. आवाज, उजेड, तापमान, रेडिओ लहरी यांपैकी काहीही चिपमध्ये शिरायचं असेल, तर बहुतेक वेळा आधी त्याच्यातूनच जावं लागतं.

डिजिटल चिपचं डिझाइन सॉफ्टवेअर करतं, मग यात अडचण काय?

आजच्या मोठ्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. ते कुणी एकेक करून मांडत नाही. इंजिनिअर व्हेरिलॉगसारख्या भाषेत चिपने काय करायचं ते लिहितो. त्यावरून सर्किट तयार करणं, ते चिपवर मांडणं आणि तारा जोडणं ही कामं सॉफ्टवेअर करतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे तंत्र रुळत गेलं.

डिजिटलमध्ये हे जमतं, कारण तिथे ट्रान्झिस्टरला दोनच गोष्टी करायच्या असतात: चालू होणं आणि बंद होणं. व्होल्टेज थोडं इकडेतिकडे झालं, तरी शून्य ते शून्य आणि एक तो एकच राहतो. चुकीला जागा असते.

अ‍ॅम्प्लिफायर अ‍ॅनालॉग आहे. त्यात ट्रान्झिस्टर चालू आणि बंद यांच्या मधल्या अवस्थेत काम करतो. तिथे प्रत्येक मायक्रोव्होल्टचा हिशोब असतो. शिवाय गुण एकमेकांना अडवतात. गेन, म्हणजे संकेत किती पट मोठा करायचा, तो वाढवला, की वेग कमी होतो. नॉइज कमी करायचा, तर वीज जास्त लागते. वीज वाचवायची, तर संकेताचा आकार बिघडण्याची शक्यता वाढते. एक टोक ओढलं, की दुसरीकडे आखूड पडतं, अशी ही चादर आहे.

म्हणून 'सर्वांत चांगला अ‍ॅम्प्लिफायर' असं काही नसतं. श्रवणयंत्रात बॅटरी टिकणं महत्त्वाचं, मोबाइल टॉवरवर ताकद महत्त्वाची आणि ईसीजीत स्वच्छ संकेत महत्त्वाचा. कुठे काय सोडायचं, हे ठरवणं म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायरचं डिझाइन. हे शिकायला इंजिनिअरला वर्षं लागतात, आणि बरंचसं ज्ञान पुस्तकाऐवजी सीनियरच्या शेजारी बसून मिळतं.

आकडे किती मोठे आहेत?

समजा, एका साध्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये १० गोष्टी ठरवायच्या आहेत: काही ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी, एखाद्या कपॅसिटरचा आकार, किती विद्युतप्रवाह सोडायचा वगैरे. प्रत्येकीसाठी फक्त २० पर्याय धरले, तरी एकूण जोड्या १० लाख कोटींहून जास्त होतात. एक जोडी तपासायला एक सेकंद लागला, तर सगळ्या तपासायला तीन लाखांहून जास्त वर्षं लागतील.

अर्थात, अनुभवी इंजिनिअर सगळे पर्याय तपासत नाही. कागदावर हिशोब करून तो योग्य जागेच्या जवळ पोहोचतो आणि मग बारीक फेरफार करतो. सॉफ्टवेअरला हेच जमवायचं होतं: सगळं न तपासता योग्य जागा शोधणं.

सुरुवात झाली 'स्पाइस'पासून

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल आणि त्यांचे मार्गदर्शक डोनाल्ड पेडरसन यांनी 'स्पाइस' हा प्रोग्रॅम जगासमोर आणला. सर्किटचं वर्णन दिलं, की ते कसं वागेल हे स्पाइस गणिताने सांगतो. त्याआधी सर्किट खरोखर जोडून, मीटर लावून पाहावं लागे. चिपवरच्या सर्किटचं तसं करता येत नाही, कारण एकदा चिप बनली की त्यातला ट्रान्झिस्टर बदलता येत नाही.

विद्यापीठाने स्पाइस सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्यामुळे तो जगभर पसरला. आज वापरात असलेली बहुतेक सर्किट सिम्युलेशनची साधनं कुठे ना कुठे त्याच्याशी नातं सांगतात. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी लॅबमध्ये वापरलेला एनजीस्पाइस हा त्याच घराण्यातला.

पण स्पाइस परीक्षक आहे. दिलेलं सर्किट कसं वागेल ते तो सांगतो. सर्किट कसं असावं, हे तो सांगत नाही. पुढची पन्नास वर्षं संशोधक याच दुसऱ्या प्रश्नाच्या मागे आहेत.

सॉफ्टवेअर स्वतः डिझाइन कसं करतं?

आतापर्यंत ढोबळमानाने चार मार्ग वापरले गेले.

पहिला मार्ग नियमांचा. अनुभवी इंजिनिअर काय विचार करतो ते लिहून काढायचं आणि कॉम्प्युटरला शिकवायचं. १९८७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आयडॅक आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ओएसिस ही साधनं याच विचारातून आली. ओएसिसवर काम करणाऱ्यांत रमेश हरजानी हे भारतीय वंशाचे संशोधक होते. अडचण अशी, की प्रत्येक नव्या सर्किटसाठी नियम पुन्हा लिहावे लागत. तेवढ्या वेळात इंजिनिअर हाताने डिझाइन पूर्ण करत असे.

दुसरा मार्ग गणिताचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात मार हर्शेन्सन, स्टीफन बॉइड आणि थॉमस ली यांनी अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न एका खास गणिती साच्यात बसवला. या साच्यात बसलेल्या प्रश्नाचं सर्वोत्तम उत्तर काही सेकंदांत मिळतं, आणि ते सर्वोत्तम आहे याची खात्रीही असते. त्यावर बार्सिलोना डिझाइन नावाची कंपनीही निघाली, पण ती फार वर्षं टिकली नाही. ट्रान्झिस्टर जसे लहान होत गेले, तसं त्यांचं वागणं या नेटक्या साच्यात बसवणं अवघड होत गेलं.

तिसरा मार्ग उत्क्रांतीचा. जॉन कोझा यांनी १९९० च्या दशकात कॉम्प्युटरमध्ये सर्किटांची पिढी तयार केली. चांगली सर्किटं ठेवायची, वाईट काढून टाकायची, उरलेल्यांचा संकर करायचा आणि पुढची पिढी बनवायची. त्यातून अ‍ॅम्प्लिफायरही निघाले आणि आधी माणसांनी पेटंट घेतलेल्या काही सर्किटांचा कॉम्प्युटरने नव्याने शोध लावला. पण यासाठी प्रचंड संगणकीय ताकद लागत होती, आणि निघालेलं सर्किट कधीकधी इतकं विचित्र असायचं की ते प्रत्यक्षात बनवायला कुणी धजावणार नाही.

चौथा मार्ग आजचा, म्हणजे मशीन लर्निंगचा. यात प्रोग्रॅम हजारो सिम्युलेशन पाहतो आणि कोणता बदल केला की काय घडतं, याचा अंदाज बांधायला शिकतो. बुद्धिबळ शिकलेल्या प्रोग्रॅमसारखंच हे आहे. प्रत्येक चाल खेळून पाहण्याऐवजी कोणती चाल उपयोगाची वाटते, हे त्याला कळू लागतं. अलीकडे चॅटजीपीटीसारख्या भाषिक मॉडेलकडून सर्किटचा कोड लिहून घेण्याचे प्रयोगही झाले आहेत. मोठ्या ईडीए कंपन्यांनीही आपल्या अ‍ॅनालॉग साधनांमध्ये एआय आणायला सुरुवात केली आहे.

प्रिन्स्टनच्या चिपमध्ये वेगळं काय होतं?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झालं. प्रिन्स्टन विद्यापीठातले कौशिक सेनगुप्ता यांचा गट आणि आयआयटी मद्रासचे उदय खानखोजे यांनी मिळून ते केलं होतं. सेनगुप्ता स्वतः आयआयटी खरगपूरचे विद्यार्थी.

५जी आणि त्यापुढच्या वायरलेस तंत्रज्ञानात मिलिमीटर लहरी वापरल्या जातात. इतक्या उच्च वारंवारितेला चिपवरची साधी तारसुद्धा सर्किटचा भाग बनते. तिची लांबी, वळण, शेजारच्या तारेपासूनचं अंतर यांवर अ‍ॅम्प्लिफायरचं वागणं ठरतं. म्हणून इंजिनिअर वर्षानुवर्षं ठरावीक, ओळखीचे आकार वापरत आले.

या गटाने धातूच्या थराचे छोट्या चौकोनांत तुकडे केले. कोणत्या चौकोनात धातू ठेवायचा आणि कोणत्यात नाही, हे एआयने ठरवायचं. एरवी अशा प्रत्येक नक्षीचं सिम्युलेशन करायला बराच वेळ लागतो. एआय मॉडेल नक्षी पाहून तिच्या वागण्याचा अंदाज जवळपास लगेच देतं. त्यामुळे ज्या कामाला आठवडे लागतात ते काही तासांत झालं, आणि मिळालेल्या नक्ष्या कुणा इंजिनिअरला सुचतील अशा नव्हत्या. बारकोडचे किंवा क्यूआर कोडचे तुकडे विखुरल्यासारख्या त्या दिसतात. त्यातून बनलेले पॉवर अ‍ॅम्प्लिफायर प्रत्यक्ष चिपवर तपासले गेले.

ही बातमी समाजमाध्यमांवर 'माणसाला न कळणारी चिप एआयने बनवली' अशा मथळ्यांनी फिरली. मथळा पूर्ण खोटा नव्हता. पण संशोधकांनी त्याच वेळी सांगितलेली दुसरी बाजू त्यात हरवली. काही डिझाइनमध्ये एआयने चालणारच नाहीत असे भागही घातले होते, आणि ते दुरुस्त करायला माणूस लागला. इंजिनिअरची जागा घेणं हा आपला उद्देश नसून त्याच्या हाती नवं साधन देणं हा आहे, अशी भूमिका या गटाने मांडली.

मग इंजिनिअरची गरज संपली का?

याचं उत्तर कळायला सॉफ्टवेअर अजून कुठे अडतं ते पाहावं लागेल.

पहिली अडचण लेआउटची. कागदावरचं सर्किट आणि चिपवरची मांडणी यांत फरक असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी असलेले दोन ट्रान्झिस्टर अगदी जुळे असावे लागतात. चिपच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे तापमान किंवा थराची जाडी किंचित बदलली, तरी जुळेपणा बिघडतो. म्हणून त्यांचे तुकडे करून रांगोळीसारखे सममितीत मांडतात. असे कित्येक संकेत लेआउट करणारे इंजिनिअर पाळतात, आणि त्यातले अनेक कुठेही लिहिलेले नसतात.

दुसरी अडचण परिस्थितीची. गाडीतली चिप उणे ४० पासून १२५ अंश सेल्सिअसपर्यंत चालली पाहिजे. कारखान्यातून निघालेल्या दोन चिप कधीच तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे एकच डिझाइन वेगवेगळ्या परिस्थितीत शेकडो वेळा तपासावं लागतं. सॉफ्टवेअरने शोधलेलं उत्तर बऱ्याचदा कड्याच्या टोकावर उभं असतं. आकडे उत्तम असतात, पण जरा तापमान वाढलं, की घसरलंच.

तिसरी अडचण माहितीची. फोटो ओळखणाऱ्या एआयला इंटरनेटवरचे कोट्यवधी फोटो मिळाले. अ‍ॅम्प्लिफायरची चांगली डिझाइन मात्र कंपन्यांच्या तिजोरीत असतात. कारखान्याच्या ट्रान्झिस्टरचा तपशील देणारी फाइल, जिला पीडीके म्हणतात, तीही गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय मिळत नाही. एआयने शिकायचं कशावरून?

आणि चौथी गोष्ट कल्पनेची. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल लॅब्जचे इंजिनिअर हॅरल्ड ब्लॅक हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामाला जात होते. बोटीवर त्यांना एक कल्पना सुचली आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्यांनी ती लिहून काढली. अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटचा थोडा भाग उलटा करून पुन्हा इनपुटला द्यायचा. यात गेनचा मोठा वाटा वाया जातो, पण संकेताचा आकार बिघडत नाही. निगेटिव्ह फीडबॅक नावाची ही कल्पना इतकी उलटी वाटत होती, की पेटंट मिळायला नऊ वर्षांहून जास्त काळ लागला. आज ती जवळपास सगळीकडे आहे.

'गेन वाढवा' एवढंच सांगितलं असतं, तर कोणतंही सॉफ्टवेअर ब्लॅक यांच्या वाटेला गेलं नसतं. गेन सोडून दिला तरी चालेल, संकेत शुद्ध हवा, हे आधी कुणीतरी ठरवायला हवं होतं. सॉफ्टवेअर दिलेल्या प्रश्नाचं उत्तर झपाट्याने शोधतं. प्रश्न कोणता विचारायचा, हे काम अजून माणसाकडेच आहे.

म्हणजे धोका नाही असं मात्र नाही. आकडे थोडे वरखाली करून पुन्हापुन्हा सिम्युलेशन चालवणं, हे काम अनेक ठिकाणी नव्याने लागलेल्या इंजिनिअरला दिलं जातं. नेमकं तेच सॉफ्टवेअरला सर्वांत आधी जमू लागलं आहे. हेच करत करत नवशिक्याची नजर तयार होते. ते काम गेलं, तर उद्याचे अनुभवी इंजिनिअर कुठून येणार, हा प्रश्न आहे.

सॉफ्टवेअरची चावी कोणाकडे?

आता पुन्हा त्या पत्रांकडे येऊ. ईडीएच्या बाजारात सिनॉप्सिस, कॅडेन्स आणि सीमेन्स ईडीए यांचं वर्चस्व आहे. पहिल्या दोन कंपन्या अमेरिकी आहेत. तिसरी जर्मनीच्या सीमेन्सची असली, तरी ती मूळची अमेरिकेतली मेंटर ग्राफिक्स. सीमेन्सने ती २०१७ मध्ये विकत घेतली. त्यामुळे तिन्हींवर अमेरिकेच्या निर्यात नियमांची सावली आहे.

अमेरिकेने हे हत्यार पहिल्यांदाच उचललं नव्हतं. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांत प्रगत ट्रान्झिस्टरच्या डिझाइनला लागणाऱ्या ईडीए सॉफ्टवेअरच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये चीनची एम्पिरियन ही कंपनी निर्बंधांच्या यादीत टाकण्यात आली. एम्पिरियन ही चीनमधली आघाडीची ईडीए कंपनी आहे, आणि तिची मुख्य ताकद अ‍ॅनालॉग डिझाइनच्या साधनांतच आहे. जुलै २०२५ मध्ये कॅडेन्सने चीनमधल्या एका लष्करी विद्यापीठाला साधनं विकल्याच्या प्रकरणात गुन्हा कबूल करून १४ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायची तयारी दाखवली. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी 'महत्त्वाच्या सॉफ्टवेअर'च्या निर्यातीवर नियंत्रण आणण्याचा इशारा पुन्हा दिला. महिनाअखेरीस दोन्ही देशांत तात्पुरता समझोता झाला.

कारखाना उभा राहिला, की तो एका रात्रीत उचलून नेता येत नाही. ईडीए सॉफ्टवेअर मात्र सहसा ठरावीक मुदतीच्या लायसन्सवर मिळतं. नूतनीकरण झालं नाही, नवे अपडेट आले नाहीत, की ते निकामी होत जातं. त्यात एआय आलं, की हे अवलंबित्व वाढतं. कारण शिकलेलं मॉडेल, त्यामागची माहिती आणि ते चालवणारे सर्व्हर या तिन्ही गोष्टी बहुधा त्याच कंपनीच्या ताब्यात असतात.

भारत कुठे आहे?

जगातल्या चिप डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरपैकी सुमारे २० टक्के भारतात आहेत, असं केंद्र सरकार सांगत आलं आहे. बंगळूर, हैदराबाद, नोएडा, पुणे इथे मोठ्या परदेशी कंपन्यांची डिझाइन केंद्रं आहेत. ईडीए कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचा बराच भागही भारतातल्या त्यांच्या कार्यालयांत लिहिला जातो. मनुष्यबळ आपलं, पण डिझाइनची मालकी आणि साधनाची मालकी बहुतांशी बाहेर, असं हे चित्र आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यातल्या डिझाइन प्रोत्साहन योजनेत देशी कंपन्यांना पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, कमाल १५ कोटी रुपये मिळू शकतात. 'चिप्स टू स्टार्टअप' या दुसऱ्या कार्यक्रमात ८५ हजार इंजिनिअर तयार करण्याचं उद्दिष्ट आहे. बंगळूरच्या सी-डॅकमधल्या 'चिपइन' केंद्रातून देशभरातल्या महाविद्यालयांना आणि स्टार्टअपना महागडी ईडीए साधनं एकत्रितपणे वापरायला दिली जातात. एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजला ही लायसन्स स्वतःच्या पैशाने घेणं जवळपास अशक्य होतं. तिथल्या विद्यार्थ्यांसाठी हे दार उघडलं, ही मोठी गोष्ट आहे.

पण चिपइनमधून मिळणारी मुख्य साधनं त्याच परदेशी कंपन्यांची आहेत. आज भारतावर चीनसारखे निर्बंध नाहीत आणि लगेच येतील असं चिन्हही नाही. तरीही ज्या देशाला संरक्षण, अवकाश आणि दूरसंचार यांसाठी स्वतःच्या चिप हव्या आहेत, त्याने दुसरी चावी तयार ठेवणं शहाणपणाचं ठरतं.

अशी चावी बनवण्याचे प्रयत्न आहेत, आणि त्यातला एक मुंबईतलाच आहे. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने ईसिम नावाचं मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर विकसित केलं आहे. कायकॅड, एनजीस्पाइस अशा खुल्या साधनांना ते एकत्र जोडतं. २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटर या अमेरिकी चिप कारखान्याने १३० नॅनोमीटर तंत्रज्ञानाची पीडीके खुली केली. त्यामुळे गोपनीयतेच्या करारावर सही न करताही खऱ्या कारखान्याच्या ट्रान्झिस्टरवर अ‍ॅम्प्लिफायर डिझाइन करून पाहणं विद्यार्थ्यांना शक्य झालं.

लेआउट आपोआप करणारं 'अलाइन' हे साधनही खुलं आहे. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डार्पाच्या मदतीने ते तयार झालं. मिनेसोटा विद्यापीठात त्याचं नेतृत्व करणारे सचिन सापटणेकर हे आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी आहेत.

ही खुली साधनं आजच मोठ्या कंपन्यांच्या साधनांची बरोबरी करत नाहीत. अत्याधुनिक मोबाइल चिपसाठी ती पुरणार नाहीत. पण अ‍ॅम्प्लिफायरची एक वेगळी गोष्ट आहे. त्याला दरवेळी सर्वांत लहान ट्रान्झिस्टर लागत नाही. ईसीजीचा, सेन्सरचा किंवा बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचा अ‍ॅम्प्लिफायर जुन्या, मोठ्या ट्रान्झिस्टरवर उत्तम चालतो. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या चिप बनतात. गुजरातमध्ये धोलेरा इथे टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी यांच्या प्रकल्पात २८ ते ११० नॅनोमीटरच्या चिप बनवण्याची योजना आहे, आणि त्यात वीजनियंत्रण करणाऱ्या चिपचाही समावेश आहे. म्हणजे भारत ज्या तंत्रज्ञानावर पाय रोवतो आहे, तिथेच खुली साधनं आणि अ‍ॅनालॉग डिझाइन एकत्र येऊ शकतात.

पुढे कशाकडे लक्ष ठेवायचं?

पहिलं, भारतातले कारखाने आपली पीडीके विद्यार्थी आणि स्टार्टअपसाठी किती खुली करतात. साधन फुकट मिळालं आणि कारखान्याची माहिती बंद राहिली, तर त्यावर केलेलं डिझाइन कागदावरच राहील.

दुसरं, सरकारी पैशातून होणाऱ्या चिपची डिझाइन आणि चाचण्यांचे निकाल पुढे कुठे जातात. अ‍ॅनालॉगसाठी एआय शिकवायचं, तर अशीच माहिती लागते. महाविद्यालयांत बनलेल्या शेकडो अ‍ॅम्प्लिफायरची नीट नोंद ठेवली, फसलेल्या डिझाइनसकट, तर देशी साधनाला तो कच्चा माल मिळेल. नाहीतर ही माहिती प्रत्येक कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पडून राहील.

तिसरं, अभ्यासक्रम. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला आजही ७४१ हा १९६८ चा प्रसिद्ध ऑपॅम्प शिकवला जातो, आणि मूळ कल्पना समजायला तो चांगलाच आहे. त्याच्या जोडीला सॉफ्टवेअरने दिलेलं डिझाइन तपासायला शिकवलं जातं का, हे आता पाहायला हवं. ते थंडीत चालेल का, उन्हात तापलेल्या गाडीत चालेल का, त्यातली चूक कशी पकडायची, हे विचारता येणाऱ्या इंजिनिअरची गरज वाढणार आहे. सॉफ्टवेअरने दिलेल्या ईसीजीच्या अ‍ॅम्प्लिफायरवर सही करताना रुग्णाच्या हृदयाची रेघ बरोबर उमटेल, याची खात्री शेवटी त्यालाच द्यावी लागणार आहे.